सोन्याचा चरखा आणि खापरपणजीचा दाखला

वॉशिंग्टनला दरवर्षी बायकांचं एक मोठं अधिवेशन भरतं. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या बायका पांढरे पायघोळ पोशाख करून, खांद्यावरून रुंद पट्टे घेऊन सभागृहात शिरतात. प्रत्येकीच्या छातीवर बिल्ल्यांची रांग असते. त्यातला मुख्य बिल्ला आपल्याकडच्या माणसाला चक्रावून टाकणारा आहे, कारण तो चरखा आहे. सोनेरी चाक, त्याला जवसाच्या तंतूंचा पुंजका आणि कडेने तेरा तारे. तेरा तारे म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या तेरा वसाहती. इंग्रजी कापडावर बहिष्कार टाकून अमेरिकन बायकांनी घरी सूत कातलं, त्याची ही खूण. आपल्या खादीच्या चळवळीच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची.

'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन', थोडक्यात 'डीएआर', असं या संस्थेचं नाव. सभासद सुमारे १ लाख ९० हजार, शाखा ३ हजारांच्या आसपास. मुख्यालयाचा पत्ता १७७६, डी स्ट्रीट. स्वातंत्र्याचं साल घराच्या क्रमांकात बसवून घ्यायची ही हौसही त्यांना शोभणारीच. सभासद व्हायचं तर वय १८ पूर्ण हवं आणि अमेरिकन क्रांतियुद्धाला हातभार लावणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी थेट रक्ताचं नातं हवं. दत्तक नातं चालत नाही, लग्नाने जोडलेलं तर नाहीच.

देशभक्ती वारशाने मिळते काय, हा प्रश्न इथे कुणालाही पडेल. आजोबांनी तूप खाल्लं म्हणून नातवाने हात हुंगायला पुढे करावा, तसाच हा प्रकार वाटतो. पण या संस्थेचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर गंमत दिसते. ती रक्ताच्या तोऱ्यात वागली तेव्हा क्षुद्र ठरली. कागदाच्या शिस्तीने वागली तेव्हा तिने बरंच मोलाचं काम केलं, आणि त्याच कागदांनी पुढे तिचा तोरा उतरवला.

तिचा जन्मच मुळी अपमानातून झाला. १८८९ मध्ये क्रांतिवीरांच्या वंशजांची 'सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही संस्था निघाली. पुढच्याच वर्षी लुईव्हिलला भरलेल्या बैठकीत या पुत्रांनी ठरवलं की बायकांना प्रवेश नाही. त्यावर मेरी स्मिथ लॉकवूड या लेखिकेने जुलै १८९० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ला एक झणझणीत पत्र लिहिलं. त्यात तिने हॅना व्हाइट आर्नेटची कथा सांगितली. १७७६ च्या अखेरीस न्यू जर्सीतल्या एलिझाबेथटाउनमध्ये काही पुरुष हॅनाच्या घरी जमून इंग्रजांची माफी पदरात पाडून घ्यायच्या विचारात होते. हॅना आत शिरली, त्यांना भेकड म्हणाली आणि शरण गेलात तर मी या घरात राहणार नाही, असं तिने नवऱ्यालाही बजावलं. पुरुषांचा बेत बारगळला. लॉकवूडचा सवाल साधा होता. वंशजांच्या संस्था निघत असतील तर या हॅनाची जागा कुठे?

आठवडाभराने हॅनाचा पणतू विल्यम मॅक्डॉवेल याने त्याच वृत्तपत्रातून बायकांच्या स्वतंत्र संस्थेला मदत करायची तयारी दाखवली. ११ ऑक्टोबर १८९० रोजी लॉकवूडच्या बिऱ्हाडी १८ जणी जमल्या आणि संस्था उभी राहिली. पहिल्या अध्यक्ष झाल्या राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन. पण आरंभाची खरी धावपळ लॉकवूड, मेरी डेशा, एलन हार्डिन वॉलवर्थ आणि युजेनिया वॉशिंग्टन या चौघींची. यातली युजेनिया जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्यातली, तरी पोटासाठी सरकारी टपाल खात्यात काम करणारी. डेशाही सरकारी कारकून. म्हणजे ही संस्था रिकामटेकड्या धनिक बायकांनी काढली, हा समज अर्धवट आहे. देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळायला अजून ३० वर्षं होती. मत देता येत नाही, पुत्रांच्या पंगतीत पान मिळत नाही, तेव्हा या बायकांनी आपला दाखला आपणच काढला.

आता हा दाखला कसा मिळतो ते पाहण्यासारखं आहे. कुणी म्हटलं, आमचे खापरखापरपणजोबा वॉशिंग्टनच्या फौजेत होते, तर तेवढ्याने भागत नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा इथला खाक्या. अर्ज करणारीपासून त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू आणि दोन पिढ्यांमधलं नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. अलीकडच्या पिढ्यांचे सरकारी दाखले, त्यामागे जनगणनेची पानं, मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं, कबरीवरचे लेख, घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर आजीने लिहून ठेवलेल्या तारखा. शेवटी त्या पूर्वजाने युद्धाच्या काळात नेमकं काय केलं याचा वेगळा पुरावा. मुख्यालयातले वंशावळीचे जाणकार हे सगळं तपासतात. एक दुवा निखळला तरी अर्ज अडकतो.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची सवय असलेल्या वाचकाला इथे एक फरक लगेच जाणवेल. कुलवृत्तांतात वेल चालते मुलाकडून मुलाकडे. मुलगी लग्न होऊन गेली की तिच्या नावापुढे 'दिली अमक्या गावच्या अमक्यांकडे' एवढं लिहून फांदी तिथेच छाटली जाते. डीएआरच्या वेलीत लेकीकडून लेकीकडे सात पिढ्या गेल्या तरी चालतं. आडनाव सात वेळा बदललं तरी नातं ते नातंच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'देशभक्त' कुणाला म्हणायचं याची त्यांची व्याख्या. बंदूक धरणारा सैनिक त्यात आहेच. पण फौजेला धान्य, गुरं, घोंगड्या पुरवणारा शेतकरीही आहे. युद्धासाठी लावलेला कर भरणारा आहे, नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेणारा आहे, गावच्या समितीवर बसणारा आहे. पोतंभर पीठ दिल्याची पावती एखाद्या विधवेच्या नावावर सापडली तर तीही देशभक्त, आणि तिच्या लेकी-नाती सभासद व्हायला पात्र. १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाने डेलावेअरच्या उपसागरात इंग्रजांचं 'जनरल मंक' हे जहाज पकडलं. त्या पेनसिल्व्हेनियाच्या जहाजाचं नाव होतं 'हैदर अली'. इंग्रजांना म्हैसूरकर आणि मराठे इकडे बेजार करताहेत, ही वार्ता तिकडे पोचली होती. त्या 'हैदर अली'वरच्या खलाशाची वंशजही पुरावा असेल तर हा चरखा लावू शकते.

कागदाचा आग्रह दंतकथांनाही सोडत नाही. सोळा वर्षांची सिबिल लुडिंग्टन १७७७ च्या एका पावसाळी रात्री घोड्यावरून मैलोन्मैल दौडत गेली आणि तिने शेतकरी-सैनिकांना जागं केलं, अशी कथा न्यूयॉर्क राज्यात घराघरांत सांगितली जाते. कार्मेल गावी १९६१ मध्ये तिचा पुतळाही उभा राहिला. मात्र ही कथा पहिल्यांदा छापली गेली ती घटनेनंतर शंभरेक वर्षांनी. १९९० च्या दशकात डीएआरच्या मुख्यालयाने पुरावा अपुरा आहे असं सांगून तिच्यावरचं पुस्तक आपल्या दुकानातून काढलं. पुतळा असलेल्या नायिकेबद्दल असं बोलायला धीर लागतो. आपल्याकडे कुणा संस्थेने हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिच्या काचा शाबूत राहिल्या असत्या का?

संस्था नुसत्या वंशावळी चाळत बसली असंही नाही. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध झालं तेव्हा लष्कराकडे स्त्री परिचारिकांची वेगळी फळीच नव्हती. डीएआरच्या पदाधिकारी डॉ. अनिता न्यूकम मगी यांनी परिचारिकांचे अर्ज पारखायचं काम संस्थेकडे घेतलं आणि पात्र ठरलेल्या सुमारे हजार जणी कामावर पाठवल्या. त्यातूनच १९०१ मध्ये लष्कराचं परिचारिका दल जन्माला आलं. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्समधल्या तिलोलोय गावाला संस्थेने पाणीपुरवठा पुन्हा उभारून दिला. दक्षिण कॅरोलायनात टमासी आणि अलाबामात ग्रँट इथल्या डोंगराळ, गरीब भागात शाळा काढल्या. १९२८-२९ मध्ये जुन्या रस्त्याने पश्चिमेकडे गेलेल्या स्त्रियांची आठवण म्हणून मेरीलँडपासून कॅलिफोर्नियापर्यंत १२ राज्यांत एकसारखे १२ पुतळे बसवले. कडेवर तान्हं मूल, पदराला धरून दुसरं आणि हातात बंदूक. ही बाई पाहून झाशी आठवली तर त्यात नवल नाही.

संस्थेच्या वास्तूलाही इतिहास आहे. १९२१-२२ ची नौदल कपातीची गाजलेली वॉशिंग्टन परिषद तिच्याच मेमोरियल कॉन्टिनेंटल हॉलमध्ये भरली होती. भारतातर्फे तिथे बसले होते व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, म्हणजे गोखल्यांनंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे.

स्थलांतरितांच्या बाबतीत मात्र संस्थेचं वागणं दुटप्पी राहिलं. एका हाताने तिने १९२१ पासून नवागतांसाठी अमेरिकेची राज्यव्यवस्था समजावणारी पुस्तिका अनेक भाषांत छापून फुकट वाटली. स्थलांतरितांना तपासणीसाठी थांबवत त्या एलिस बेटावर अडकून पडलेल्या बायकांना वेळ घालवायला लोकर, कापड, सुया पुरवल्या. दुसऱ्या हाताने त्याच दशकात स्थलांतरावर कडक निर्बंध घाला म्हणून सरकारकडे आग्रह धरला. आलेल्याला शिकवू, पण येणाऱ्याला अडवू. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९३८ मध्ये त्यांच्या अधिवेशनात गेले आणि त्यांना हसत हसत सुनावून आले की इथले सगळेच, तुम्ही आणि मी तर विशेष करून, स्थलांतरितांचे आणि बंडखोरांचे वंशज आहोत. टोमणा वर्मी लागला असणार.

कारण बंडखोरांच्या या लेकींना बंडाची भलतीच धास्ती वाटू लागली होती. १९२८ मध्ये उघड झालं की संस्थेत 'संशयास्पद' वक्त्यांची काळी यादी फिरते आहे. या लोकांना शाखांमध्ये बोलवायचं नाही. यादीत समाजसेविका जेन ॲडम्स होत्या, ज्यांना तीनच वर्षांनी शांततेचं नोबेल मिळालं. यादी बाहेर काढणारी हेलन टफ्ट्स बेली संस्थेचीच सभासद होती. तिला काढून टाकण्यात आलं. ग्रँट वूड या चित्रकाराचं तर या बायकांशी वाजलंच. सीडर रॅपिड्सच्या स्मारकासाठी त्याने केलेली रंगीत काचेची खिडकी जर्मनीत घडवली म्हणून त्यांनी कुरबुर केली. त्याने १९३२ मध्ये उट्टं काढलं. 'डॉटर्स ऑफ रेव्होल्यूशन' नावाच्या चित्रात त्याने तीन ताठ, आत्मसंतुष्ट म्हाताऱ्या रंगवल्या, एकीच्या हातात चहाचा कप दिला आणि त्यांच्या पाठीमागे डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचं प्रसिद्ध चित्र टांगलं. खूबी अशी की वॉशिंग्टनचं ते चित्र काढणारा चित्रकार जन्माने जर्मनच होता.

आणि मग १९३९ आलं. मेरियन अँडरसन ही त्या काळातली थोर कृष्णवर्णीय गायिका. हॉवर्ड विद्यापीठाने तिच्या गाण्यासाठी डीएआरचा कॉन्स्टिट्यूशन हॉल मागितला. तारीख दुसऱ्याला दिली आहे असं उत्तर आलं, पण खरी अडचण करारातच होती. हॉलमध्ये फक्त गोऱ्या कलावंतांचे कार्यक्रम होतील, असं कलम तिथे होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट स्वतः सभासद होत्या. त्यांनी राजीनामा दिला आणि आपल्या स्तंभातून तो जगजाहीर केला. ९ एप्रिल १९३९, ईस्टरचा रविवार. लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, थंडीत, अंगात जाड कोट घालून अँडरसन गायली. समोर सुमारे ७५ हजार माणसं, गोरी आणि काळी एकत्र, शिवाय रेडिओला कान लावून बसलेला देश. डीएआरचं नाव आजही कित्येक अमेरिकनांना फक्त या एका नकारामुळे माहीत आहे. ज्या संस्थेची सुरुवातच बंद दरवाजाविरुद्ध लिहिलेल्या पत्रातून झाली, तिने पन्नाशीच्या उंबरठ्यावर तेच दार दुसऱ्या बाईच्या तोंडावर लावलं होतं. पुढे १९४३ मध्ये अँडरसन त्याच हॉलमध्ये चीनच्या मदतीसाठी गायली. २००५ मध्ये तिच्या टपाल तिकिटाचं प्रकाशनही तिथेच झालं.

सभासदत्वाचं दार उघडलं ते मात्र भाषणांनी किंवा राजीनाम्यांनी नाही. ते उघडलं जुन्या कागदांनी. १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या कॅरन बॅचलर फार्मर यांनी आपली वंशावळ शोधता शोधता विल्यम हूड नावाच्या पूर्वजापर्यंत मजल मारली. तो पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियात होता. प्रत्येक दुवा कागदावर पक्का. नियम त्यांचेच, पुरावा त्यांनाच हवा तसा. फार्मर या संस्थेच्या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सभासद ठरल्या आणि बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली.

तरीही शाखांची कुरकुर संपली नव्हती. वॉशिंग्टनमधल्या लीना सँटोस फर्ग्युसन यांची कागदपत्रं बिनचूक असूनही कोणतीच स्थानिक शाखा त्यांना घेईना. १९८४ मध्ये प्रकरण वर्तमानपत्रात आलं. संस्थेची करसवलत काढून घ्यायची भाषा शहराच्या नगर परिषदेत सुरू झाली. मग संस्था वाकली. भेदभाव करणार नाही असं तिने लिहून दिलं, फर्ग्युसन यांना सभासद केलं आणि क्रांतियुद्धातल्या कृष्णवर्णीयांचा शोध घ्यायचं मान्य केलं.

या शोधाचं फळ म्हणजे २००८ मध्ये निघालेला 'फरगॉटन पेट्रियट्स' हा जाडजूड ग्रंथ. क्रांतीच्या बाजूने उतरलेल्या ६ हजार ६०० हून अधिक कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी लोकांची नावं त्यात पुराव्यासह आहेत. फौजेच्या हजेरीपटात नावापुढे रंगाचा शेरा, पेन्शनच्या अर्जातली एखादी ओळ, पूर्वीच्या मालकाच्या कागदातला उल्लेख, असं कणाकणाने वेचलेलं. ज्यांना कुणी वंशज म्हणून मोजत नव्हतं अशा हजारो घरांना या संस्थेने स्वतःच्या हाताने पूर्वज शोधून दिले. डीएआरचं सर्वांत मोठं काम कोणतं असं विचारलं तर पुतळे, हॉल, अधिवेशनं बाजूला ठेवून या ग्रंथाकडे बोट दाखवावं लागेल. ते काम दबावाखाली झालं, हेही सांगितलंच पाहिजे.

एक गोष्ट डीएआरच्या बाजूने नोंदवायला हवी. या दाखल्याने सरकारी काहीच मिळत नाही. ना नोकरीत सवलत, ना पेन्शन. उलट दरवर्षी वर्गणी भरायची, गावच्या जुन्या कबरी साफ करायच्या, शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धा भरवायच्या आणि सप्टेंबरात संविधान सप्ताह साजरा करायचा. नागरिकत्वाच्या शपथविधीला जाऊन नव्या नागरिकांच्या हातात छोटे झेंडे द्यायचे, हाही त्यातलाच एक भाग. अमेरिकेत नागरिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या कपाटात असा झेंडा सापडणं अगदी शक्य आहे. पूर्वजाने केलं म्हणून मला द्या, या सुराची आपल्याला जास्त सवय आहे. पूर्वजाने केलं म्हणून मी करते, हा सूर त्या मानाने बरा.

तरी जन्मावर बेतलेली अट ही शेवटी जन्माची अटच. वंशजाची देशभक्ती वंशज नसलेल्याहून तसूभरही अधिक नसते, आणि काळी यादी चालवणाऱ्या बायकांच्या नसांतही क्रांतिवीरांचंच रक्त होतं. तेव्हा महाराष्ट्रात कुणी 'क्रांतिकन्या संघ' काढावा असं सुचवण्याची मुळीच गरज नाही. जातींच्या आणि घराण्यांच्या संस्था आपल्याकडे भरपूर आहेत.

उचलण्यासारखी आहे ती त्यांची व्याख्या आणि त्यांची वही. आपल्या केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास, बायकांसाठी तीन महिन्यांचा, किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा अशा अटी होत्या. सरकारला कुठेतरी रेघ मारावी लागते, हे खरं. पण १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांसाठी अपरात्री चूल पेटवणारी, भाकऱ्यांचं गाठोडं उसात ठेवून येणारी, पोलीस दारात आले तर तोंड न उघडणारी बाई त्या रेघेच्या पलीकडेच राहिली. ती तुरुंगात गेली नाही, म्हणून कुठल्या दफ्तरात आली नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ मध्ये गेल्या. त्यांनी निरोप पोचवले, नवरा-बायकोच्या खोट्या भांडणाचा बनाव करून पोलिसांना गुंतवून ठेवलं. हे आपल्याला कळलं, कारण पत्रकारांनी त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या घरी जाऊन ते लिहून घेतलं. बाकीच्यांकडे कुणी गेलं नाही.

पोतंभर पीठ दिल्याची पावती डीएआरला अडीचशे वर्षांनी सापडू शकते, कारण ती कुणीतरी लिहिली आणि कुणीतरी जपली. आपल्या भाकरीची पावती नाही. मात्र ती भाकरी थापणाऱ्या हातांच्या आठवणी सांगणाऱ्या लेकी, सुना, नाती आज सत्तरी-ऐंशीत आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा, गोवा, कुठेही असं घर असेल तर या दिवाळीत एक वही काढावी. आजीचं माहेरचं आणि सासरचं पूर्ण नाव, गाव, साल, कुणाला जेवू घातलं, कुणाला लपवलं, हे कुणी पाहिलं, कुणाकडून ऐकलं, एवढं लिहावं आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.